लाईट जाते, वीज येते

आज पुन्हा तीच दुपार. अश्विनातली, अंगाला चिकटणारी. सकाळचं ऊन असं की वाळवण घालावं, आणि दुपार कलायला लागली की दाभोशाच्या धबधब्याच्या अंगाने काळं आभाळ वर चढू लागतं. पंखा दोनदा घुटमळला आणि थांबला. फ्रिजची घरघर बंद पडली. भिंतीपलीकडून शेजारीणबाईंचा नेहमीचा प्रश्न आला, "गेली का हो तुमच्याकडची पण?" लाईटपाठोपाठ मोबाइलची रेंजही गेली. कालपासून मला एका पाड्यावरची खबर हवी आहे, ती काही आता मिळायची नाही. मी खिडकीशी येऊन बसले. लाईट गेली म्हणजे आता वीज येणार. जव्हारला राहणाऱ्या माणसाला या वाक्यात काही चमत्कारिक वाटत नाही. बाहेरचा माणूस तेवढा हसतो.

आमच्याकडे लाईट वेगळी आणि वीज वेगळी. लाईट खांबावरून येते, बिल आणते आणि आभाळ भरलं की पहिली पळते. वीज वरून येते. ती झाड चिरते, बैल मारते, माणूस नेते. पुस्तकातल्या मराठीत मात्र दोघींना एकच नाव आहे. पुण्या-मुंबईत त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे वीज म्हटलं की बटण आठवतं. जामसरकडच्या, वांगणीकडच्या पाड्यांवर वीज म्हटलं की बाया आधी आपली पोरं कुठे आहेत ते बघतात. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. समानार्थी शब्दांच्या धड्यात विजेला चपला, सौदामिनी, दामिनी अशी एकेक गोंडस नावं येतात. सौदामिनी हा शब्द फळ्यावर लिहायला माझा हात आता होत नाही. मुलं आपली पुस्तकातून उतरवून घेतात.

काही वर्षांपूर्वीची एक कापणी माझ्या डोक्यातून जात नाही. दरवर्षी हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचा वास सुटला की ती परत येते, आणि दरवर्षी तळपायाची आग मस्तकात जाते. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवत नाही, आणि निवू नये अशीच माझी इच्छा आहे.

त्या वासाबद्दल सांगायला हवं. पिकलेल्या भाताचा, ओल्या मातीचा, बांधावरच्या ठेचलेल्या गवताचा तो वास रस्त्यावरच्या जीपमध्येही येतो. दोन्ही बाजूंना पिवळी खाचरं, मध्येच एखादं उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताचं हिरवं, वर उतारावरच्या वरकस जमिनीत नागलीची, म्हणजे नाचणीची तांबूस कणसं. पाड्याच्या तोंडाशी बाया काकड्यांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. एवढ्या मोठ्या काकड्या की एक घेतली तर घरात सगळ्यांना पुरते. खाचरात बायांची ओळ वाकलेली असते आणि विळ्यांचा खरखर असा एक सलग आवाज चालू असतो. मग लांबवर गडगडतं. आवाज थांबतो. आणि ती अख्खी ओळ, कुणी काही न सांगता, हातातले विळे लांब फेकून देते. लोखंड अंगाजवळ ठेवायचं नाही, ही इथली रीत. विळे उन्हात एकदा चमकतात आणि पडतात. बाया जागच्या जागी उकिडव्या बसतात, डोकं गुडघ्यांत घालून. आभाळ पुढे सरकलं की उठतात आणि धसकटांत आपापला विळा शोधायला लागतात. "हा तुझा, हा माझा," अशी थट्टा चालते. मुठीच्या खुणा असतात ना प्रत्येकीच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो खेळ वाटला होता.

बुधीबायचा मुलगा काशा याने विळा फेकला नव्हता. बुधीबाय म्हणजे माझी काकडीवाली. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. बाजाराच्या दिवशी जव्हारच्या एसटी स्टँडच्या भिंतीशी पाटी मांडून बसते. पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या, मग काकड्या, मग वाल. पिकलेली काकडी गळ्यात मारत नाही आणि भाव करू देत नाही, म्हणून आमचं जमतं. त्या कापणीच्या आदल्या वर्षी काशा खाचरात एकटा होता. बायको, रंजना, भारे घेऊन माळावरच्या खळ्याकडे गेलेली. गडगडलं तेव्हा त्याच्या हातात विळा होता आणि डोक्यावर भारा. एवढंच बुधीबायने मला सांगितलं. पुढचं सांगायच्या ऐवजी तिने एक काकडी उचलली, चिरली आणि फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती तिथेच उभी राहून खाल्ली. कडू होती की गोड, मला आठवत नाही.

तर त्या वर्षी कापणी ऐन भरात आलेली, आणि पाड्यापाड्यांवरून एक जीप फिरू लागली. टपावर कर्णा. कर्ण्यातून ध्वनिमुद्रित केलेला, शहरी, गोड, स्वच्छ आवाज: "वीज वाचवा, राष्ट्र घडवा! शासनाचे नवे ऊर्जा धोरण आपल्या दारी! वीज वाचवा मोहिमेच्या सभेला सर्वांनी उपस्थित राहावे!" त्या धोरणाबद्दल मी पेपरात वाचलं होतं. कमी ऊर्जेत जास्त काम, गळती बंद, जुनी यंत्रं बदला, उधळपट्टी थांबवा. वाचताना मला ते पटलंही होतं. आजही पटतं. कोळसा जाळून, धरणं बांधून, गावं उठवून जी शक्ती तयार होते ती उधळायची नाही, यात न पटण्यासारखं काय आहे? माझं माहेर मोखाड्याचं. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला कसं जातं आणि उन्हाळ्यात आमच्या बाया हंडे घेऊन कुठवर जातात, हे मी लहानपणापासून बघते आहे. काटकसर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

सभेला सूत्रसंचालनासाठी मला नेलं. "बाईंचं मराठी शुद्ध आहे," असं आमच्या मुख्याध्यापकांनी परस्पर सांगून टाकलेलं. मला वाटलं, कापणीच्या दिवसांत कोण येणार सभेला? रिकाम्या सतरंजीला ऊर्जा संवर्धन शिकवून आपण घरी जाऊ. पाड्यावर पोचलो तर शाळेपुढचं पटांगण भरलेलं. बाया, बाप्ये, म्हातारीकोतारी. पायांना खाचरातला चिखल तसाच. अर्धवट कापलेली शेतं सोडून माणसं आली होती, आसपासच्या पाड्यांवरूनही आली होती. अश्विनात भात उभं टाकून सभेला कोणी येत नाही; ज्याने शेत केलंय त्याला हे कळतं. ठाण्याकडून आलेल्या साहेबांना कळलं नाही. ते खुशीत म्हणाले, "बघा बाई, उत्स्फूर्त प्रतिसाद! ग्रामीण भागात जागृती आहे."

लाईट नव्हती. आभाळ भरलं होतं, म्हणजे नसणारच. म्हणून माइकसाठी जनित्र आणलं होतं. ते डिझेल पीत शाळेमागे धडधडत होतं आणि त्याच्या धुराने पहिल्या रांगेतली पोरं खोकत होती. साहेबांची गाडी चिंचेखाली उभी होती. तिचं इंजिन शेवटपर्यंत चालू होतं, कारण आत ड्रायव्हर होता आणि बाहेर उकडत होतं. हे मी रागाने तिखटमीठ लावून सांगत नाहीये. होतं तेवढंच सांगते आहे. या दोन आवाजांच्या मध्ये उभं राहून साहेब उधळपट्टीवर बोलत होते.

बोलले छान. गरज नसताना दिवे बंद करा. एसी अमुक अंशावर ठेवा. फ्रिज भिंतीपासून थोडा दूर ठेवा. उपकरण घेताना त्यावरचे तारे बघा, पाच तारे म्हणजे उत्तम. तारे म्हटल्यावर दोन-तीन माणसांनी सरळ वर पाहिलं. मागची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आमचेकडं लय हायेत तारे." कुणी हसलं नाही. सगळे कशाची तरी वाट बघत होते. त्या पाड्यावर तेव्हा घरटी एक दिवा होता आणि तोही मनात येईल तेव्हा लागायचा. उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगावं तसं ते चाललं होतं. आणि माझं शुद्ध मराठी हातात माइक धरून उभं होतं.

शेवटी साहेबांनी विचारलं, "तर मग, कोण कोण वीज वाचवणार? हात वर!"

एकही हात नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. साहेबांचं हसू थोडं अवघडलं. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक हात वर गेला. काटकुळा, बांगड्या नसलेला, मनगटापर्यंत चिखल. बुधीबायचा. फोटोवाल्याने ताबडतोब कॅमेरा उचलला. झालं त्याचं काम.

बुधीबाय उभी राहिली. तिला बोलायचं होतं. "सायब, तुमी सांगता वीज वाचवा. आमी कशी वाचवायची? आमाला वाटला, तुमी वाचवाला आलात."

"म्हणजे, आजी?"

"ती मोबाइलचे टावराला नाय लागं. टावराचे वर लोखंडाची काठी हाय म्हणं. तशी काठी आमचे खळ्याजवळ लावा. माझा पोऱ्या गेला. आता माझी सून तठं एकली झोडणी करते. तिला वाचवाला पायजे. म्हणून आलूं आमी सगळी, शेत टाकून."

सगळं पटांगण माझ्यापुढे उलगडलं. कर्ण्यातून आवाज आला होता, वीज वाचवा. पाड्याने ऐकलं, विजेपासून वाचवा. किती वर्षं माणसं मरत होती, बैल मरत होते, आणि आता सरकार स्वतः जीप घेऊन दारी आलं होतं. धोरणसुद्धा होतं म्हणे त्यासाठी. म्हणून म्हातारीकोतारी चालत आली होती. म्हणून शेतं अर्धी उभी होती.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले, आणि तेच मला आजवर खुपतं. "अहो आजी, ती वीज नव्हे! ही वीज म्हणजे करंट. लाईट!" व्यासपीठावरचे सगळे हसले. फोटोवालाही हसला. माझ्याकडे बघून साहेब म्हणाले, "बाई, आजी फार गोड आहेत हो!"

बुधीबाय हसली नाही. "मंग लाईट म्हणा ना," ती म्हणाली. "लाईट त आमी वाचवतूंच. आसते कवा ती?"

आणि ती खाली बसली. मग एकेक माणूस उठायला लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. आभाळाकडे बघत माणसं शेताकडे निघून गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. जाताना प्रत्येकाच्या हातात कमी वीज खाणारा एक दिवा दिला गेला. दिवा चांगला होता, खोटं कशाला बोलू. अजून काही घरांत तो टिकून आहे, कारण जळायची संधीच त्याला फारशी मिळालेली नाही.

परतताना साहेबांना मी विचारलं, की त्या काठीचं काय? तडितरक्षक म्हणतात त्याला, मी माझ्या शुद्ध मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "तो विषय आपत्तीचा. आमचा विषय बचतीचा." नंतर मी आपत्तीवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, इमारत असेल तर बघू, खळं ही इमारत नाही. शाळेवर बसवा म्हटलं, तर शाळा इमारतवाल्यांची. इमारतवाल्यांनी मला पुन्हा विजेवाल्यांकडे पाठवलं, कारण तडित म्हणजे शेवटी वीजच. सगळी माणसं सभ्य होती. चहासुद्धा विचारायची. काठी मात्र कुणाच्याच विषयात बसली नाही, आणि आजतागायत बसलेली नाही.

मला कुणी सांगेल का, की ही काटकसर नक्की कोणाला सांगायची असते? गेल्या दिवाळीत भाचीकडे ठाण्याला गेले होते. तिच्या इमारतीसमोरच्या मॉलमध्ये एवढी थंडी की बाया शाली पांघरून साड्या बघत होत्या. खाली रस्त्यावर झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. बिचाऱ्या पाखरांना रात्र म्हणून राहिली नव्हती. तिथे कर्णा लावलेली जीप मी पाहिली नाही. तिथे 'हात वर' म्हणायची कुणाची छाती नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही आपली जुनी खोड आहे. ज्याच्या घरी एक दिवा, त्याला सांगायचं विझव. शिवाय शक्तीचीच बचत करायची म्हणता ना? मग रंजनाची करा. भारे डोक्यावर वाहून, झोडून, पाखडून, हंडे आणून जी शक्ती ती रोज खर्चते तिला मीटर नाही, तिच्यावर तारे नाहीत. ती जीव मुठीत धरून ते करते, आणि त्या जिवाची बचत कुठल्या धोरणात लिहिली आहे ते मला दाखवा. मी मराठीची मास्तरीण आहे, मला वाचता येतं.

काल बाजार होता. स्टँडवर गेले तर भिंतीवर नवं कोरं पोस्टर. ऊर्जा बचतीची मोहीम पुन्हा आली आहे. पोस्टरवर भात कापायचे दिवस, मागे डोंगर, आणि मधोमध हात वर केलेली एक म्हातारी बाई. चिखल पुसून टाकलाय फोटोतला. हात गोरा केलाय थोडा. पण मी ओळखलं. खाली मोठ्या अक्षरांत: "मी वीज वाचवणार! आणि तुम्ही?" वर दोन दिवे लावलेत पोस्टरसाठी, ते भर दिवसा चालू. आणि त्याच भिंतीशी, पोस्टरच्या बरोबर खाली, पाटी मांडून बुधीबाय बसलेली.

"बाय, ही मीच ना?" तिने मान वर करून विचारलं. "कवाची बघतंय. काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"आसा मी बोललीच नाय."

"माहीत आहे मला. मी होते ना तिथे."

"मी इचारला होता."

"हो."

"त्याचा काय झाला?"

"काही नाही झालं, बुधीबाय."

तिने पुन्हा एकदा त्या हाताकडे बघितलं. मग गिऱ्हाइकाला काकडी द्यावी तितक्या साधेपणाने म्हणाली, "मंग माझा हात आजून वरच हाय म्हणायचा."

मी उगीचच काकड्या निवडायला लागले. तिने एक घेतली आणि विळ्याने चिरायला सुरुवात केली. आणि गडगडलं. जवळच, जामसरच्या बाजूला, बुधीबायच्या पाड्याकडे. पोस्टरवरचे दिवे गेले. स्टँडवरची माणसं छपराखाली सरकली, कंडक्टर हसून काहीतरी बोलला. बुधीबायने चिरता चिरता विळा लांब फेकला. तो फरशीवर खणखणत गेला आणि बसच्या चाकाशी थांबला. ती भिंतीला न टेकता, जागच्या जागी उकिडवी बसली, डोकं गुडघ्यांत घालून, खाचरात बसतात तशी. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर तिचाच हात ताठ उभा होता.

मी तिच्याशेजारी बसले. पुन्हा कडाडलं. गुडघ्यांतूनच तिचा आवाज आला.

"रंजनानं फेकला आसल ना ग बाय, विळा?"